ठासणीची बंदूक आणि शिरढोणचा क्रांतिवीर

खारघरहून शीव-पनवेल महामार्गाने पनवेल गाठले आणि पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले, की कर्नाळ्याच्या सुळक्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या वसाहतींत गेल्या काही दशकांत राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना हा रस्ता कोकणातल्या सुट्टीचा म्हणून ठाऊक आहे. याच रस्त्यावरच्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते, मुंबईत मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला ते दिलेले आहे. मात्र त्यांनी कोणत्या शस्त्रांनिशी आणि कोणत्या शस्त्रांविरुद्ध बंड पुकारले, याचा विचार क्वचितच होतो. तो केला म्हणजे १८७९ च्या त्या उठावाचे धाडस आणि त्याचा शेवट, या दोन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

कर्नाळ्याचा वारसा

फडके घराण्याचा शस्त्रांशी संबंध जुना होता. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. आजोबांच्या तोंडून गडाच्या हकिकती ऐकत नातू वाढला. वडील बळवंतराव आणि आई सरस्वतीबाई यांचे घर खाऊनपिऊन सुखी असले, तरी गडाचा अधिकार जाऊन आता इंग्रजी अंमलात नोकरी हाच पांढरपेशा तरुणापुढचा मार्ग उरला होता.

कल्याण, मुंबई व पुणे येथे थोडे इंग्रजी शिक्षण घेऊन वासुदेव बळवंतांनी तो मार्ग धरला. मुंबईत रेल्वे कंपनी, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि लष्कराचे कमिसरियट खाते अशा नोकऱ्या करून १८६५ च्या सुमारास ते पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून म्हणून रुजू झाले. ज्या सैन्याविरुद्ध पुढे त्यांना उभे राहायचे होते, त्याच सैन्याच्या खर्चाच्या वह्या लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली.

१८७० मध्ये आई आजारी असल्याचा निरोप शिरढोणहून आला. रजेचा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर अडकून पडला. अखेर रजेची वाट न पाहता ते गावी पोचले, तेव्हा आईने प्राण सोडला होता. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. पुष्कळ चरित्रकारांनी या प्रसंगाला त्यांच्या आयुष्यातील वळण मानले आहे. ते खरेच आहे. परंतु एका रजेच्या अर्जावरून कोणी राज्य उलथवायला निघत नाही. त्या अपमानाला अर्थ देणारी माणसे आणि घटना त्याच दशकात पुण्यात त्यांच्याभोवती होत्या.

व्याख्याने आणि तालीम

१८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले. देशी धंदे कसे बुडाले, देशातील पैसा बाहेर कसा जातो, याचा हिशेब रानडे व्याख्यानांतून मांडत. हिशेबखात्यातील या कारकुनाला तो नेमका उमगला. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले, तरुणांच्या ऐक्यासाठी सभा काढली आणि वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभी केली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच.

दिवसा कचेरी, संध्याकाळी व्याख्यान आणि पहाटे तालीम, असा त्यांचा क्रम होता. लहुजी राघोजी साळवे यांच्या आखाड्यात ते जाऊ लागले. लहुजी वस्तादांच्या आखाड्यात दांडपट्टा, तलवार आणि निशाणबाजी शिकवली जाई. महात्मा जोतीराव फुल्यांनीही आपल्या तरुणपणी त्यांच्याकडेच ही विद्या घेतली होती. जातीने मांग असलेल्या गुरूपुढे चित्पावन ब्राह्मण शिष्य विद्येसाठी उभा राहतो, ही त्या काळाच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. पुढे रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतील माणसे एकत्र करताना या शिकवणीचा त्यांना उपयोग झाला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर झालेल्या दुसऱ्या विवाहातील पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लिहिणे-वाचणे आणि शस्त्र धरणे शिकवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

बंदूक : त्यांची आणि यांची

त्या काळी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जी बंदूक आढळे, ती ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग तोड्याच्या बंदुकीत कान्यावर रंजक घालायची किंवा टोपीच्या बंदुकीत टोपी बसवायची आणि नेम धरायचा. सरावलेल्या शिपायाच्या हातून, तेही कारखान्यात बांधलेली काडतुसे असताना, अशा बंदुकीतून मिनिटाला तीनच्या आसपास बार निघत. गावठी दारू आणि तोड्याची बंदूक असली तर त्याहून कमी. पाऊस आला की तोडा विझे, रंजक भिजे आणि बंदुकीची काठी होई.

१८५७ चा उठाव ज्या काडतुसांवरून भडकला, ती एन्फिल्ड बंदूकही ठासणीचीच होती. पण त्यानंतरच्या वीस वर्षांत शस्त्रांचे जग पालटले. १८६६ पासून इंग्रजांनी जुन्याच एन्फिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीवर उघडणारा ठोकळा बसवला. ही स्नायडर बंदूक. काडतूस आता मागून घालता येऊ लागले आणि बारांचा वेग तिपटीने वाढला. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिच्या चापाच्या मागे एक तरफ होती. ती खाली ओढली की आतला ठोकळा खाली झुके, रिकामे काडतूस मागे फेकले जाई आणि आतली कळही त्याच हालचालीत ताणली जाई. नवे काडतूस सरकवून तरफ वर केली की बंदूक तयार. शिपाई आडवा पडून, दगडाआड लपून ती भरू शके. ठासणीच्या बंदुकीसाठी त्याला बहुधा उभे राहावे लागे. अमेरिकेत तर याच सुमारास विंचेस्टरची तरफेचीच, पण एकामागून एक अनेक गोळ्या झाडणारी बंदूक निघाली होती. १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या लढाईत तुर्कांनी ती वापरून रशियाच्या चालून येणाऱ्या फौजेची कत्तल उडवली.

५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण कसोशीने पाळले. गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र मिळे, तेव्हा हिंदी पलटणींना त्याआधीच्या पिढीचे दिले जाई. गोऱ्यांच्या हाती स्नायडर होती तेव्हा हिंदी शिपायाकडे ठासणीची, आणि गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर. पगारी सैनिकावरही जिथे इतकाच भरवसा, तिथे सामान्य रयतेचा प्रश्नच नव्हता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा हिंदी माणसासाठी गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. दुष्काळाने गांजलेल्या दख्खनेत हा कायदा लागू झाला आणि लगेच पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंतांचे बंड झाले.

बंदूक उघडण्याची विद्या

शस्त्र मिळवणे ही अडचणीची पहिली पायरी. ते चालते ठेवणे ही दुसरी. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता राख आणि क्षार यांच्या रूपात उरतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. बंदूक झाडली आणि तशीच ठेवली, तर एका रात्रीत नळीच्या आत गंज धरू लागतो. कोकणाच्या दमट हवेत तर अधिकच वेगाने. म्हणून प्रत्येक सैन्यात बार काढलेल्या दिवशीच नळी गरम पाण्याने धुण्याचा, गजाला चिंधी बांधून ती कोरडी करण्याचा आणि आतून तेल फिरवण्याचा शिरस्ता होता. साचलेली काजळी काढली नाही, तर ठासणीच्या बंदुकीत काही बारांनंतर गोळी खाली उतरेनाशी होई.

मार्टिनीची रचना या बाबतीत विचारपूर्वक केलेली होती. तिचा ठोकळा मागच्या बाजूच्या एका खिळीवर फिरे. खिळी काढली की ठोकळा वर उचलून बाहेर येई, आतले भाग पुसून, तेल लावून पुन्हा जागेवर बसवता येत. तरी तिला ताणलेली कमान होती, कळ होती, काडतूस ओढणारा आकडा होता. यांपैकी एखादा तुटला तर गावच्या लोहाराच्या भात्यावर तो घडवणे कठीण. त्यासाठी पलटणीबरोबर बंदुका दुरुस्त करणारा प्रशिक्षित कारागीर, त्याची हत्यारे आणि सुटे भाग असत.

खरी मेख काडतुसात होती. ठासणीच्या बंदुकीला लागणारी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून गावातही कुटता येई, शिशाच्या गोळ्या साच्यात ओतता येत. मागून भरायच्या बंदुकीला मात्र पितळी पत्र्याचे, बुडाशी टोपी बसवलेले, ठराविक मापाचे काडतूसच हवे. ते फक्त कारखान्यात होई. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून सरकारचा दारूगोळा कारखाना सुरू झाला होता. वासुदेव बळवंत ज्या शहरात कारकुनी करत होते, त्याच्या वेशीवरच हा कारखाना होता, पण बंडखोराला तेथले एक काडतूसही मिळण्यासारखे नव्हते. म्हणजे शत्रूची बंदूक हिसकावून घेतली, तरी कमरेच्या थैलीतील काडतुसे संपेपर्यंतच ती बंदूक. नवे शस्त्र सरकारच्या कारखान्याशी असे नाळेने बांधलेले होते. कायद्याने झाले नसते ते निःशस्त्रीकरण या काडतुसाने केले.

लोणी ते पळस्पे

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्याआधीच, १८७५ मध्ये, सुप्यापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे उसळले होते. वासुदेव बळवंतांनी वेषांतर करून दुष्काळी मुलखात भ्रमंती केली, माणसे मरताना पाहिली. पांढरपेशांच्या सभांतून काही निष्पन्न होत नाही, असा निष्कर्ष काढून ते रामोश्यांकडे वळले. गडांची व गावांची राखण हा या समाजाचा पिढीजात धंदा इंग्रजी अंमलात मोडला होता. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांची स्मृती त्यांच्यात ताजी होती.

२० फेब्रुवारी १८७९ रोजी पुण्याजवळ लोणीच्या बाहेर विष्णू गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर, गोपाळ हरी कर्वे हे साथीदार आणि सुमारे दोनशे माणसे यांच्यासह त्यांनी बंडाची घोषणा केली. तलवारी, भाले आणि थोड्या बंदुका हे त्यांचे बळ होते. तीनच दिवसांनी शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा पडला. पुढे पुणे जिल्ह्यात आणि आसपास छाप्यांमागून छापे पडत गेले. सावकार आणि धनिकांकडून मिळालेल्या पैशातून माणसे व शस्त्रे वाढवायची, तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे आणि इंग्रजांचा अंमल खिळखिळा करायचा, अशी योजना होती.

सरकारने त्यांच्यावर इनाम लावले. त्याला उत्तर म्हणून त्यांनी जाहीरनामा काढला. कर कमी करा, गरिबांना काम द्या, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार छाटा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा आशय होता, आणि मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरावर त्यांनी उलट इनाम लावले. हिशेबखात्यातील माणसाने राज्याच्या खर्चावरच बोट ठेवले होते. या बंडाची दखल लंडनच्या वृत्तपत्रांनाही घ्यावी लागली.

मे महिन्यात दौलतराव नाईक हे रामोश्यांचे पुढारी घाट उतरून कोकणात आले आणि त्यांनी पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली येथे मोठे छापे घातले. फार मोठी लूट हाती लागली. वासुदेव बळवंतांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे बंड येऊन ठेपले होते. पण लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. या चकमकीत दौलतराव गोळी लागून ठार झाले, टोळी पांगली, लूट गेली. डोंगराची वाट, पायाखालचा मुलूख आणि जिवावर उदार माणसे एवढे सारे बाजूने असूनही उघड्या चकमकीत बंडाचा निभाव लागला नाही.

त्याच वर्षी, २२ जानेवारीला, दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना येथे झुलू योद्ध्यांनी मुख्यतः भाल्यांच्या जोरावर मार्टिनी-हेन्री घेतलेली इंग्रज फौज कापून काढली होती. पण तेथे झुलूंची संख्या वीस हजारांच्या घरात होती, त्यांच्यामागे राजा होता, राज्य होते. त्यांचीही हार पुढे सहा महिन्यांत झाली. वासुदेव बळवंतांपाशी शे-दोनशे माणसे होती.

शेवटचे प्रयत्न

दौलतरावांच्या मृत्यूनंतर ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. निराशेच्या भरात देवापुढे देह ठेवण्याचाही विचार त्यांनी केला. तेथेच त्यांनी आत्मचरित्र लिहिले. साथीदारांचे लक्ष स्वराज्यापेक्षा लुटीच्या वाटणीकडे अधिक राहिले, ही त्यातील त्यांची तक्रार कडवट आहे. मात्र उपाशी घरांतून आलेल्या माणसांना पगार देण्याची सोय बंडापाशी नव्हती, हेही तितकेच खरे. श्रीशैलहून परतल्यावर त्यांनी इस्माईल खान या रोहिल्याशी संधान बांधले. रोहिले शस्त्रे बाळगून असत आणि वापरण्यात तरबेज असत. शेकडो सशस्त्र माणसे देण्याचा करार झाला, पण आगाऊ द्यायच्या रकमेसाठी पैसा उभा राहिना.

जुलै १८७९ मध्ये, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी गावच्या देवळात ते झोपले असताना मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. शस्त्र उचलण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचा बचाव केला. सरकारची धास्ती घेऊन बहुतेक प्रतिष्ठित मागे सरले असताना काकांनी वकीलपत्र घेतले, हे विशेष. त्यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मचरित्र त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना बोटीने एडनला नेण्यात आले.

एडनच्या तुरुंगातही हा माणूस स्वस्थ बसला नाही. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले. परक्या वाळवंटी मुलखात, ओळखदेख नसताना, फार दूर जाणे शक्य नव्हते. लवकरच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७ वर्षांचे.

पुढच्यांनी घेतलेला धडा

वासुदेव बळवंतांचे बंड पाच महिने टिकले. शस्त्रसज्ज साम्राज्यापुढे ते टिकणार नव्हते, असे म्हणणे आज सोपे आहे. त्यांच्यापाशी धैर्याची वाण नव्हती, योजनेचीही नव्हती. नव्हता तो कारखाना, खजिना आणि बंदूक उघडून, साफ करून, दुरुस्त करून पुन्हा हाती देणारी फळी. पुढच्या पिढीने हे हेरले. चापेकर बंधूंनी १८९७ मध्ये पुण्यात रँडला मारताना फौज उभारण्याचा विचार केला नाही. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे पेटीच्या दुहेरी तळात लपवून धाडली. त्यांतीलच एका पिस्तुलाने त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकला जॅक्सनचा वध झाला. खुल्या रणातील बंडाची जागा गुप्त कटाने घेतली, त्यामागे १८७९ चा हा अनुभव होता.

सरकारने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, २००७ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. शिरढोणात त्यांचे स्मारक आहे. खारघर-पनवेलच्या नव्या शहरवासीयांना ते सुट्टीच्या दिवशी सहज पाहून येण्यासारखे आहे. तेथून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आजोबांची किल्लेदारी १८१८ मध्ये गेली आणि साठ वर्षांनी नातवाने थोड्या बंदुकांनिशी तो हिशेब पुन्हा मागितला. तो त्याच्या हयातीत चुकता झाला नाही, पण वहीत त्याची नोंद मात्र कायमची झाली.